उपाशी ओळ

आडूळ गाव मागं पडलं की बसच्या खिडकीतून तो वास आत येतो. माघ सरत आलेला असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबी फुललेली असते. शेजारच्या सीटवरची बाई डोळे मिटून म्हणते, "किती गोड वास येतोय ना?" मी हो म्हणते. मला तो वास सोसत नाही. काच लावून घ्यावी तर एसटीची काच आजवर माझ्या हातानं कधी सरकलेली नाही, मग मी नाकाला ओढणी लावून बसते. बाईला वाटतं, मला गाडी लागते. ती पर्समधून आवळा सुपारी काढून पुढं करते. मी घेते आणि पाचोड येईपर्यंत चघळत बसते.

हा वास फुकट येत नाही. डिसेंबर लागला की आमच्याकडं मोसंबीच्या बागेचं पाणी तोडतात. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवायच्या, झाडाभोवतीची आळी उकरून वरची मुळं उन्हाला दाखवायची आणि मग नुसतं बघत बसायचं. दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळायला लागतात. नवखा माणूस बघून हळहळतो. जाणता माणूस रोज सकाळी बागेत जातो, एखादं पान मुठीत चुरगळून बघतो आणि काही न करता परत येतो. याला ताण देणं म्हणतात. मग एक दिवस त्याला झाडाकडं बघूनच कळतं, की आता पुरे. तो हलकं पाणी सोडतो आणि पंधरा-वीस दिवसांत झाड फुलांनी पांढरं होतं. माझ्या आईला हे सगळं येतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून पाचोडजवळचं आमचं तीन एकर तीच बघते. तिला सही करायला वेळ लागतो, पण ताण कधी तोडायचा हे विचारायला आजूबाजूची माणसं तिच्याकडं येतात.

एवढं सगळं तिला येत होतं आणि ते मला माहीत होतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं मला माझीच बाजू घ्यायचा मोह होईल.

मी तेव्हा शहरात पीएच.डी. करत होते. बसच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर आहे, आई अजून औरंगाबाद म्हणते. माझा विषय होता मायकोरायझा. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. मातीत एक बुरशी असते. ती झाडाच्या मुळात घर करते आणि केसाहून बारीक धागे लांबवर मातीत पसरते. मुळाला जिथवर पोचता येत नाही तिथून ती स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून आणते, झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. दोघांचं भागतं. अडचण अशी, की ही बुरशी एकटी वाढत नाही. भाकरीवरची बुरशी दोन दिवसांत माजते, पण हिला जिवंत मूळ लागतं. मूळ नसेल तर तिचा बीजाणू, म्हणजे तिचं बी, थोडा फुटतो, इकडंतिकडं चाचपतो आणि कुणी भेटलं नाही की संपतो. म्हणून लॅबमध्ये हिला वाढवायचं तर आधी मूळ वाढवावं लागतं. आम्ही गाजराची मुळं वाढवत होतो. खोड नाही, पान नाही, नुसतं मूळ, झाकणाच्या प्लेटमध्ये, जेलीसारख्या खाद्यावर. एका जिवाणूची लागण केली, की गाजराच्या चकतीतून केसांसारखी मुळं फुटतात आणि झाडाशिवाय वाढत राहतात. त्या मुळाशेजारी एक बीजाणू ठेवायचा, प्लेट अंधारात ठेवायची आणि वाट बघायची.

आईला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती मिरच्या निवडत होती. "गाजराला बुरशी लावायला तुला ठिवून घेतलंय व्हय?" म्हणाली. "महं लोणचं तर फुकटातच बुरसतं." मी हसले नाही. त्या वयात माझ्या विषयावर कुणी हसलेलं मला चालत नसे. "तुला नाही कळायचं ते," असं म्हणून मी आत निघून गेले. हे वाक्य त्या दोन-तीन वर्षांत मी तिला किती वेळा ऐकवलं असेल, कोण जाणे.

बुरशी मिळाली ती मात्र तिच्यामुळं. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, बाहेरून आणलेल्या बुरश्या आमच्या उन्हाळ्यात तग धरत नव्हत्या. इथल्या मातीतलीच एखादी हवी होती. आमच्या घरात आजोबांपर्यंत मेंढरं होती. आई लग्न होऊन आली तीही पहिली काही वर्षं मेंढरांमागं चाललेली. कुणाच्या रानात चार दिवस मेंढरं बसवायची, त्या रानाला लेंडीचं खत व्हायचं, शेतकरी धान्य द्यायचा, मग पुढचं रान. त्यामुळं कुठली जमीन कशी आहे हे तिच्या पायांना माहीत. गावाच्या गायरानाच्या कडेला हिवराचं एक झाड आहे. सगळं वाळलं तरी ते हिरवं असतं. "दुष्काळात बी शेंगा टाकायचं ते," आई म्हणाली, "त्याच्या बुडाला बग काय घावतं का." तिनंच खुरप्यानं माती काढली. वरचा थर बाजूला सारला, बारीक मुळ्यांना चिकटलेली माती बोटांनी अलगद झटकली. मी शेजारी निर्जंतुक पिशवी धरून उभी होते, हातात मोजे घालून. तिनं एकदा मोज्यांकडं बघितलं आणि पुन्हा खुरपं चालवलं.

त्या पिशवीनं दोन वर्षं घेतली. माती पाण्यात ढवळायची, एकाखाली एक चाळण्या लावून गाळायची, चाळणीवर राहिलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यातून एकेक बीजाणू बारीक नळीनं उचलायचा. मधाच्या रंगाचे गोळे, मोहरीचा दाणा त्यांच्यापुढं कलिंगड वाटावा एवढे बारीक. त्यांना औषधांत धुवायचं, पुन्हा धुवायचं आणि मुळाशेजारी ठेवायचं. चौथ्या दिवशी बघावं तर प्लेटभर हिरवी, काळी, गुलाबी, नको ती प्रत्येक बुरशी आलेली. निर्जंतुक हवेच्या ज्या पेटीत हे काम करायचं, तिचा पंखा लाइट गेली की थांबायचा. लॅबचे शिपाई करीममामू दारातून ओरडायचे, "मॅडम, लाइट गयी, हाथ रोक लो." मी हात हवेत धरून बसून राहायची. खांदे भरून यायचे. अशा शेकडो प्लेटा मी उकळून फेकल्या. गावी गेले की आई विचारायची, "घावली का?" मी म्हणायची, "एवढं सोपं नसतं ते."

सरांचं एक म्हणणं मात्र खरं होतं, आणि ते मी अजून मुलांना शिकवते. मुळाच्या खाद्यात स्फुरद जवळजवळ नसल्यासारखं ठेवायचं. मुळाला आयतं मिळालं की ते बुरशीला दारात उभं करत नाही. "उपाशी ठेव त्याला," सर सांगायचे. "पोट भरलेलं मूळ कुणाला विचारत नाही." मी तसं ठेवत होते. गाजराची मुळं पांढुरकी, किडकिडीत दिसायची. वाईट वाटायचं, पण कशासाठी चाललंय ते मला माहीत होतं.

एका सकाळी सातव्या क्रमांकाच्या प्लेटमध्ये धागा दिसला. बीजाणूतून निघालेला, चकचकीत, सरळ मुळाकडं गेलेला. मुळाला टेकला होता तिथं थोडा फुगला होता. पुढच्या आठवड्यात मुळाच्या पलीकडून तसेच धागे बाहेर आले, फांद्या फुटल्या, महिन्याभरात त्या फांद्यांच्या टोकांना नवे बीजाणू धरले. दुसरं काहीही उगवलेलं नव्हतं. स्वच्छ. मी करीममामूंना हाताला धरून आणलं आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं. "ये तो जाला लग रा, मॅडम," म्हणाले. "जाळंच आहे मामू," मी म्हणाले आणि मला रडू आलं. त्यांनी चहा आणला. वहीत मी तिचं नाव लिहिलं, हिवर-सात. माझ्या आयुष्यात माझं असं, मी स्वतः मिळवलेलं, ते एवढंच. पीएच.डी. माझी नाही, ती कशी मिळाली ते पुढं येईलच.

हिवर-सातच्या त्या एका प्लेटमधून सत्तर प्लेटा झाल्या. वाळूजमधली जैविक खतं करणारी एक कंपनी सरांच्या ओळखीची होती. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. त्यांना बुरशी हवी होती आणि ती सांभाळायला माणूसही हवा होता. म्हणजे मी. स्वतःची लॅब, स्वतःचा खोलीभर अंधार, रॅकवर हिवर-सात. अट एकच होती, एका हंगामाचे शेतातले आकडे दाखवा. विद्यापीठाच्या जमिनीत जागा मिळाली नाही. मग मी आमच्या शेताचा कोपरा पुढं केला. जुलैत तिथं मोसंबीची चाळीस कलमं लावली, वीस-वीसच्या दोन ओळी. एका ओळीच्या खड्ड्यांत हिवर-सात घातली, त्या कलमांना लाल दोरा बांधला. दुसऱ्या ओळीत काहीच घातलं नाही, त्यांना पांढरा दोरा. तुलना करायची तर एक ओळ कोरी लागतेच.

"कुठल्याच ओळीला खत घालायचं नाही," मी आईला बजावलं. "शेणखत पण नाही. नुसतं पाणी."

"काहून?"

"तुला नाही कळायचं. घालायचं नाही म्हणजे नाही."

"बरं," आई म्हणाली.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "ती पांढऱ्या दोऱ्याची ओळ लई बारीक पडली गं. पिवळी दिसायली. शेजारचे इचारायलेत, लेक शिकली आन झाडं उपाशी मारायली का म्हणून." मी लॅबच्या जिन्यात उभी होते. मला इतका आनंद झाला, की मी दोन पायऱ्या एकदम उतरले. कोरी ओळ पिवळी पडली म्हणजे लाल ओळीत हिवर-सात कामाला लागली होती. "असू दे, असू दे," मी म्हणाले, "एकदम चांगलं आहे." झाडं वाळतायत आणि पोरगी चांगलं म्हणते, याचा अर्थ तिनं काय लावला असेल, हे मी विचारलं नाही. मी फोन ठेवला आणि करीममामूंना पेढे आणायला पाठवलं.

फेब्रुवारीत मी मोजमाप करायला गेले तेव्हा जुनी बाग अशीच फुललेली होती. अंगावर येणारा वास, मधमाश्यांची गुणगुण. कोपऱ्यातल्या ओळी लांबूनच दिसल्या आणि मला वाटलं, मी चुकीच्या बाजूनं बघतेय. पांढऱ्या दोऱ्याची ओळ काळपट हिरवी, भरलेली, लाल ओळीपेक्षा हातभर उंच. लाल ओळ बरी होती, पण तिच्यापुढं किरकोळ. मी टेप काढला. टेपचं दुसरं टोक आईनं धरलं. उंची, घेर, फांद्या. एकदा मोजलं, चहा घेतला, पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजायला लागले तेव्हा आई म्हणाली, "आकडं काय पळून जायलेत का?" ती खुशीत दिसत होती. माझं तोंड बघून तिनं विचारलं, "चांगली नाय का आली झाडं?" मी म्हणाले, "चांगली आली."

ऑक्टोबरात पिवळी पडलेली ओळ फेब्रुवारीत हिरवीगार कशी झाली, हा प्रश्न शाळेतल्या पोरानंही विचारला असता. मी विचारला नाही. मातीचा नमुना पुन्हा काढावा असं एकदा मनात आलं होतं, पिशवीही होती बरोबर. पण बस चुकेल म्हणून मी निघाले. विज्ञान, विज्ञान म्हणून आईपुढं नाक वर करून फिरणारी मी, आणि बस चुकेल म्हणून नमुना घेतला नाही.

सरांनी आकडे बघितले. कंपनीनं एका ओळीत नकार कळवला. सर म्हणाले, "असते एखादी बुरशी अशी. झाडाचं खाते आणि देत काही नाही." त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही, त्यांच्याकडं दुसरा प्रकल्प आला होता आणि त्याला रॅक हवे होते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला जागा रिकामी करायला सांगितलं. कचऱ्यात टाकण्याआधी सगळं ऑटोक्लेव्हमध्ये घालावं लागतं, प्रेशर कुकरचा थोरला भाऊ म्हणा. सत्तर प्लेटा मी माझ्या हातानं पिशव्यांत भरल्या. करीममामू झाकण धरून उभे होते. म्हणाले, "मॅडम, एकाध तो रख लेते. इतनी मेहनत किये." बंद केलेली एक प्लेट अंधारात सहज काही महिने जगली असती. माझ्या खोलीतल्या कपाटातसुद्धा जगली असती. पण मी तिच्यावर चिडले होते. घरची अब्रू घालवलेल्या माणसावर चिडावं तशी. "नको मामू," मी म्हणाले, "लावा झाकण." त्यांनी झाकण लावलं. पंधरा मिनिटं वाफ फुसफुसत होती आणि गाजर शिजल्याचा वास येत होता.

पाडवा पंधरा-वीस दिवसांवर होता. मी गावी गेले. सकाळी गुढी उभारून झाली, आई पुरण वाटत होती, मला म्हणाली कांदे आण. आतल्या खोलीत कांदे एका गोणीत भरलेले होते. पांढरी प्लास्टिकची गोणी, धुऊन स्वच्छ केलेली, तरी तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. डीएपी. रासायनिक खत, जवळजवळ निम्मं स्फुरदच.

"ही गोणी कुठली गं?"

"डीएपीची हाय. चांगली तीनदा धुतली, वास नाय येत."

"पण आणलं कशाला होतं? मोठ्या बागेला तर तू शेणखत घालतेस."

आई जरा लाजली. "तू वरडशील म्हणून बोलले नाय. ती पांढऱ्या दोऱ्याची ओळ व्हती ना, तिला घातलं. दिवाळीआधी बाजारातून आणलं, बुडाला मूठमूठ दिलं, मंग संक्रांतीच्या आधी आणखी एकदा. लाल दोऱ्याला तू काय काय घालून गेलीस. ह्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं? एका रानातली लेकरं, एकाच्या ताटात वाढायचं आन दुसऱ्यानं बगत बसायचं? मला नाय बगवलं." मग पाट्यावरून मान वर करून हसली. "बगितलंस ना पण, कशी उठली?"

मी कांदे तिच्यापुढं ठेवले. बांधावर गेले. लाल ओळीपाशी बराच वेळ उभी राहिले. त्या ओळीनं आईच्या एका मुठीशिवाय, नुसत्या हिवराच्या धाग्यावर तेवढं अंग धरलं होतं, आणि मी तिला किरकोळ म्हणाले होते. एक प्लेट ठेवली असती तर, हा विचार तिथं पहिल्यांदा आला, तो अजून गेलेला नाही. परत येऊन मी पुरणपोळी खाल्ली. आईनं वरून तूप वाढलं.

सरांना मी सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागं रेलले. "घरच्या शेतात ट्रायल घेतली तिथंच चुकलं. आता हे कुठं बोलू नकोस, आपलंच हसं होईल. फरक आढळला नाही असं लिही आणि मोकळी हो." पुन्हा ट्रायल घ्यायची तर पुन्हा दोन वर्षं, पुन्हा माती, पुन्हा रॅक. त्यांच्याकडं रॅक नव्हते. मी लिहिलं. माझ्या प्रबंधात चांगल्या इंग्रजीत लिहिलेलं आहे, की या बुरशीचा मोसंबीला काही उपयोग होत नाही. खाली माझी सही आहे. जिनं मला कधी दगा दिला नाही तिला मी नालायक ठरवलं, आणि त्याबद्दल मला डॉक्टर म्हणतात.

आईला मी काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, असं म्हणायला मला आवडेल. खरं कारण तसं नाही. सांगायचं तर बसून समजावून द्यावं लागलं असतं, आणि तिला काही समजावून द्यायची माझी सवय केव्हाच मोडली होती. शिवाय राग होता. इतका, की मी वर्षभर घरी गेले नाही. परीक्षा आहेत, काम आहे, गाड्या नाहीत. फळ उतरलं की ती कंडक्टरच्या हाती मोसंबीची पिशवी पाठवायची, मी बसस्टँडवरून पिशवी आणायची आणि घरमालकिणीला देऊन टाकायची. फोनवर ती विचारायची, "गोड निघाली का?" मी म्हणायची, "हो." शिक्षा दिली पण गुन्हा सांगितला नाही. असं तर कोर्टही वागत नाही.

आता मी एका कॉलेजात तासाच्या हिशेबानं शिकवते. डॉक्टर लावलेलं नाव हजेरीच्या कागदावर लांबलचक दिसतं, पण पुढच्या वर्षी तो कागद असेल का हे दर जूनला कळतं. अभ्यासक्रमात मायकोरायझाला अर्धं पान आहे. मी फळ्यावर मूळ काढते, त्यातून धागे काढते. पुढच्या बाकावरची मुलगी विचारते, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?" येतं, दोन मार्कांना. हिवर अजून गायरानात उभं आहे, त्याच्या बुडाची माती तीच आहे. माझ्याकडं चाळणी नाही, रॅक नाही, अंधारी खोली नाही. करीममामू निवृत्त झाले. मधे एकदा भेटले तेव्हा विचारत होते, "वो जाला कैसा है, मॅडम?" मी म्हणाले, मजेत.

या वर्षी त्या दोन ओळींना आईनं पहिल्यांदा ताण दिला. कलमं लावली त्याला सातवं वर्ष. तिनं बहाराची घाई केली नव्हती. "अंग धरू दी आधी," म्हणायची. दोरे केव्हाच कुजून गेले. आता दोन्ही ओळी सारख्या दिसतात, कुठली कुठली हे मलाच मोजून ठरवावं लागतं. मी जानेवारीत गेले तेव्हा पानं लोंबलेली होती. आईचे गुडघे गेलेत, ती काठी टेकत बागेत आली आणि एका झाडाचं पान चुरगळून बघून म्हणाली, "अजून चार दिस." मी विचारलं, "तुला कसं कळतं गं, कधी पुरे ते?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

ती खाली बसली. "त्याला पोटभर दिलं तर ते कशाला फुलंल? नुसता पाला वाढवीत बसंल. जरा उपाशी ठिवलं, का मंग ते हातपाय हालवतं. पण लक्ष ठिवावं लागतं. जीव जायच्या आत तोडायचा ताण. अन् मधीच कुणी मायेनं तांब्याभर पाणी घातलं, का गेलं सगळं वाया. तुह्या अण्णानं एकदा घातलं व्हतं. पार बहार गेला त्या साली. मी चार दिस बोलले नाय त्यांच्याशी."

सरांनी तीन वर्षं मला जे शिकवलं, ते ही बाई मिरच्या निवडता निवडता मला सांगू शकली असती. तेव्हा मी तिला एवढंच म्हणायला हवं होतं, आई, या ओळींना ताण दिलाय, तोडू नको. एक शब्द, तोही तिचाच. तिनं शेजाऱ्याला त्या ओळीत पाय ठेवू दिला नसता. पांढरी ओळ पिवळी पडली तेव्हा तिनं जीव घट्ट केला असता, दर डिसेंबरात करते तसा. तो शब्द माझ्या तोंडात लहानपणापासून होता, आणि मी तिला सांगितलं, तुला नाही कळायचं.

परवा पुन्हा गेले ती या वासातून, आवळा सुपारी चघळत. ताण तुटला होता. दोन्ही ओळी पांढऱ्या झालेल्या. आईनं दुपारी जेवण शेतातच आणायला लावलं, पहिल्या फुलाचं कौतुक म्हणून. झाडाखाली बसलो. भाकरी, पिठलं, ठेचा. वरून पाकळ्या ताटात पडत होत्या, ती त्या बोटानं बाजूला सारत होती. मध्येच तिनं विचारलं, "तुही ती बुरशी कशी हाय गं? हिवराची. हाय का अजून तिकडं?"

सात वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. कदाचित विचारायला भीत असेल. मी तिला तशी भीती घातलीच होती.

"मेली," मी म्हणाले.

"आग्गं. कवा?"

"तेव्हाच. त्याच वर्षी."

"कशानं?"

तुझ्यामुळं. हा शब्द दाताशी आला होता. त्याच्या पाठीमागं माझं नाव होतं, सरांचं होतं, ऑटोक्लेव्हचं झाकण होतं, चुकेल म्हणून धरलेली ती बस होती. एवढं सगळं सांगायचं तर संध्याकाळ झाली असती. ती फुलांकडं बघत होती. तिचा हात टेपचं टोक धरायचा तसाच गुडघ्यावर टेकलेला होता.

"उपाशी मेली," मी म्हणाले.

आई चुकचुकली. मग म्हणाली, "मंग मला सांगायचं नाय व्हय? मी घातलं असतं की मूठभर कायतरी."

आणि न विचारता तिनं माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी टाकली. मी ती खाल्ली.